दोन वाजून सात मिनिटांनी आलेली फाईल

हॉस्पिटलातल्या डायलिसिसच्या विभागात तिला सगळे फाईलताई म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलेलं. वरच्या मजल्यावर, पंख्याच्या खडखडाटाखाली तिची खोली. एक टेबल, कॉम्प्युटरचे दोन पडदे, आणि भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद: 'हातानं चाललं म्हणजे चाललं, असं नाही.' नवा माणूस आला की तो कागद वाचून हसायचा. ताई हसायची नाही.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. रोज दुपारी दोन वाजता डेटाबेसनं आपण होऊन उठायचं, उद्या कुणाची पाळी कितीला आणि कुठल्या खाटेवर याची यादी काढायची, तिची फाईल करायची आणि मेसेज सोडणाऱ्या सर्व्हरच्या फोल्डरात नेऊन टाकायची. सव्वादोनला (आणि त्यानंतर नवी फाईल पडली तर लगेच) तो सर्व्हर फाईल उघडतो आणि यादीतल्या प्रत्येकाच्या फोनवर मेसेज जातो. या आपोआप होणाऱ्या कामाला तिथं जॉब म्हणत. 'जॉब गेला' म्हटलं की बाकी जगात रडारड होते, इथं ताई सुस्कारा सोडायची. गेला म्हणजे पोचला.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी ती फुंकून प्यायची. जॉबनं 'यशस्वी' म्हणून हिरवी खूण दाखवली तरी तिचा विश्वास नसे. म्हणून तिनं यादीच्या तळाशी स्वतःलाच पेशंट करून घेतलं होतं. रोज सव्वादोनला तिच्या फोनवर मेसेज यायचा, 'उद्या सकाळी आठ वाजता यावे. खाट क्रमांक शून्य.' तो वाचला की मगच ती डबा उघडायची.

"अगं, स्वतःच्या नावाचं असं रोज बोलावणं धाडू नये," मोठ्या सिस्टर म्हणायच्या. "एक दिवस खरंच खाट द्यावी लागेल."

"द्या की. झोप तरी होईल."

तर एका सोमवारी सव्वादोन झाले, वीस झाले, आणि खाट क्रमांक शून्यचा मेसेज काही आला नाही. ताईनं पडद्याकडं बघितलं. हिरवी खूण होती. तेवढ्यात फोन वाजला. आईचा.

"धाकट्याला मेसेज आलाय," आई म्हणाली.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ, इथंच डायलिसिसला यायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचा फोन आई अजून रोज चार्ज करायची. कपाटात ठेवलेलं घड्याळ चालू राहावं म्हणून किल्ली देतात, तसं. आजवर त्या फोनवर जाहिरातींशिवाय काही आलं नव्हतं.

"कसला मेसेज?"

आईनं चष्मा लावून एकेक शब्द वाचला. "आपली पाळी बदलली आहे. उद्या सकाळी आठ वाजता यावे. खाट क्रमांक सहा."

हा मेसेज ताईला पाठ होता. हा मेसेज तिनंच तयार केला होता, सहा वर्षांपूर्वी. आणि तो कधीच गेला नव्हता.

तेव्हा असं झालं होतं. जॉब चालवणारं जुनं मशीन मोडीत काढून तो नव्या मशीनवर न्यायचा होता. त्याच सकाळी डायलिसिसला लागणारं पाणी शुद्ध करणारा प्लांट उद्या संध्याकाळपासून दोन दिवस बंद राहणार अशी बातमी आली आणि परवाच्या पाळ्या उद्यावर ओढल्या गेल्या. ताईनं जुन्यावरच यादी बदलली, अकरा वाजता ते मशीन बंद केलं, नव्यावरून चाचणीची फाईल हातानं पाठवली, ती गेली, आणि ती खूश झाली. तिच्या लक्षात आलं नाही ते एवढंच, की हातानं पाठवताना मशीन तिच्या खात्यानं, तिच्या पासवर्डनं जातं. वेळेवर आपोआप चालताना जॉब दुसऱ्याच खात्यानं चालतो. आणि त्या खात्याला पलीकडच्या फोल्डरात पाऊल टाकायची परवानगीच कुणी दिलेली नव्हती. दोन वाजता जॉब दारापर्यंत गेला, दार उघडेना, तर तसाच परत फिरला आणि वर 'यशस्वी' म्हणून हिरवी खूण करून मोकळा झाला.

ज्यांची पाळी बदलली होती त्यांना सिस्टरांनी जाता जाता तोंडीही सांगून ठेवलं होतं. धाकट्याचं तेवढं राहिलं. "तुझाच भाऊ, तू घरी सांगशीलच," असं त्या म्हणाल्या. आणि ताईनं घरी सांगितलं नाही. एकत्र बसून जेवले दोघं. तो टीव्ही बघत होता, तिनं आमटी वाढली, त्यानं तिची चेष्टा केली, "तायडे, तुझ्या मशीननं मला आज विचारलंच नाही बघ." ती चेष्टाच वाटली तिला. हिरवी खूण होती ना. मेसेज गेलाय म्हणजे त्यानं बघितलाच असणार.

दुसऱ्या दिवशी सहाची खाट रिकामी राहिली. संध्याकाळी कळलं तोवर प्लांट बंद झाला होता. घरी आई त्याच्यावर तुटून पडली. "रक्ताची धुलाई चुकवतोस? मेसेज वाचायला काय डोळे दुखतात तुझे? मर मग असाच लोळत!"

"आला नाही गं मेसेज, आई," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तासाभरापूर्वीच तिनं तो रिकामा फोल्डर बघितला होता. तिला सगळं कळलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. उद्या सांगू, आई शांत झाली की. उद्या कसला, परवाच्या पहाटे त्याचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, एका पाळीनं काय झालं असतं सांगता येत नाही. आई मात्र सांगत सुटली, आल्यागेल्याला, सहा वर्षं: "आळसानं गेला माझा पोरगा. मेसेज आलेला, बघितला नाही मेल्यानं." आणि रात्री त्याचा फोन चार्जिंगला लावायची.

या सोमवारी, आईचा फोन ठेवून, ताईनं घाईनं बरोबर फाईल हातानं पाठवली. ती गेली. हातानं काय, नेहमीच जाते. पण गेलेल्या चुकीच्या फाईलमध्ये एकोणीस नावं होती आणि त्यातली बरीचशी या जगात नव्हती. खाली सिस्टरांचा फोन वाजत राहिला.

"एक बाई रडतायत गं," सिस्टर वर येऊन म्हणाल्या. "नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली, म्हणे, आणि तुम्ही त्याला उद्या आठला बोलावताय. काय सांगू मी? आठला जमत नसेल तर अकराला या म्हणू?"

"चूक झाली म्हणा. शोधतेय मी."

मंगळवारी सकाळी ताई खाली उतरली तर खाट क्रमांक सहाच्या पायाशी आई बसलेली. मांडीवर धाकट्याची पिशवी. त्यात पातळ चादर, थर्मास आणि कानटोपी. रक्त बाहेर फिरून परत येताना थंडी भरते, म्हणून तो उन्हाळ्यातसुद्धा कानटोपी घालायचा. खाटेवर शिंपीण मावशी होती, दंडात सुया, शेजारी मशीन गुरगुरतंय. मावशी शाळेचे गणवेश शिवायची आणि बोलायचं थांबवायची नाही.

"तुझी आई होय? मी म्हटलं, आजी, खाट माझी आहे, पण पायाशी जागा पुष्कळ. बसा. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी इथंच असते. वाटून घेऊ."

"आई, तू कशाला आलीस?"

"बोलावलं होतं," आई म्हणाली. "तो नाही येऊ शकत. म्हटलं आपण तरी जाऊन यावं. सहा वर्षं उशीर झाला, तेवढं सांगावं कुणालातरी." तिनं वर बघितलं. "तो म्हणत होता, मेसेज आला नाही. मग हा आत्ता कुठून आला?"

"मशीनचा घोळ आहे," ताई म्हणाली.

त्या दुपारी दोन वाजता ती मेसेजच्या सर्व्हरचा फोल्डर उघडून, हात मांडीवर ठेवून बसली. दोनला फाईल आली. तिनं उघडून बघितली. चोवीस नावं, सगळी जिवंत, तळाशी खाट क्रमांक शून्य. सगळं ठीक. ती उठणार एवढ्यात, दोन वाजून सात मिनिटांनी, तिच्या डोळ्यांदेखत फाईलचा आकार बदलला. कुणी हात लावला नव्हता. नाव तेच, जागा तीच. उघडली तर आत एकोणीस नावं.

कुणीतरी दुसरं पाठवत होतं. त्याच नावाची फाईल, मागाहून येऊन आधीच्या फाईलवर बसणारी.

सर्व्हरच्या नोंदीत पाठवणाऱ्याचा पत्ता होता. तिनं तो दोनदा वाचला. त्या पत्त्याचं मशीन तिनं सहा वर्षांपूर्वी स्वतः बंद केलं होतं.

तळघरातल्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटा, सलाइनचे स्टँड आणि रंगाचे डबे यांच्या मागं ते होतं. अंधारात त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. दारात इलेक्ट्रिशियन भेटला.

"काल वायरिंग नवं केलं ना इथलं," तो म्हणाला. "ज्याची पिन सुटलेली दिसली ती लावून ठेवली. आपल्यामुळं कुणाचं काही बंद पडलं, असं नको व्हायला."

"किती वाजता लावली?"

"चहाला चाललो होतो तेव्हा. अकरा... अकरा वाजून पाच-सात मिनिटं. का? बिघडलं काय?"

"नाही," ताई म्हणाली. "बिघडलं नाही. चालतंय."

तिनं जुना पडदा पुसला. कोपऱ्यात तारीख होती, सहा वर्षांपूर्वीची. आतल्या घड्याळाची बॅटरी मेलेली. बंद होताना हे मशीन वेळ लिहून ठेवायचं आणि पुन्हा उठलं की तिथूनच दिवस मोजायला लागायचं. तिनं ते अकराला निजवलं होतं, इलेक्ट्रिशियननं अकरा वाजून सात मिनिटांनी उठवलं. त्याचे दोन म्हणजे आपले दोन वाजून सात. मधल्या सहा वर्षांची त्याला गंधवार्ता नव्हती. आणि फोल्डरात शिरायचं त्याचं जुनं खातं ताईनं कधी बंदच केलं नव्हतं. असू दे, अडीअडचणीला, म्हणून.

तिनं यादी उघडली. महिनाअखेरपर्यंतच्या पाळ्या आधीच लावलेल्या असत. धाकट्याच्या नावापुढं अजून नऊ होत्या. खाट सहा, आठ वाजता. खाट सहा, आठ वाजता. त्या मशीनच्या लेखी तो काल मेसेज मिळून आज येऊन गेला होता, घरी जाऊन झोपला असेल, तीन दिवसांनी पुन्हा येणार होता. त्या मशीनच्या लेखी कुणी काही चुकवलं नव्हतं.

पिन भिंतीत होती. ओढायला एक बोट पुरे. ताई बराच वेळ तिच्यासमोर उकिडवी बसली. मग उठून, दाराला बाहेरून कुलूप लावून वर आली.

"सापडलं का काही?" विभागाच्या साहेबांनी विचारलं.

"शोधतेय," ती म्हणाली.

तिनं मनाशी हिशेब मांडला: सव्वादोनला जुनी फाईल जाऊ द्यायची, दोन वाजून विसाला आपण बरोबर फाईल हातानं पाठवायची. जिवंतांना पाच मिनिटं उशिरा मेसेज मिळेल, एवढंच. त्या रडणाऱ्या बाईंचं काय, हे तिनं मनात येऊ दिलं नाही. मंगळवारी वर येताच, उशिरानं का होईना, तसं केलं, बुधवारी केलं. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं. जिन्यावर पाऊल वाजलं की दचकायची. रात्री डोळा लागला की तळघरातला हिरवा दिवा दिसायचा.

गुरुवारी दुपारी बारा वाजता खालून निरोप आला की प्लांटचा पंप बदलायचाय. उद्या संध्याकाळी चारनंतर बंद, थेट सोमवारी चालू. शनिवारच्या पाळ्या उद्यावर आणा. पेशंट मोजके होते. बहुतेक त्या वेळी समोरच होते, त्यांना सिस्टरांनी सांगितलं. शिंपीण मावशी तेवढी सकाळची पाळी उरकून पाव तासापूर्वीच गेली होती. तिला मेसेज जाईल, ताई म्हणाली.

सव्वादोन झाले. जुनी फाईल गेली. ताई दुसरी पाठवायला हात पुढं करते तोच दारात आई. जिना चढून धापा टाकणारी, हातात धाकट्याचा फोन.

"पुन्हा आला." तिनं फोन पुढं केला. "तळमजल्यावर बसले होते मी, मुद्दाम. इथं येतो का बघायला. तुझ्याच खोलीतून येतात ना गं हे? खरं सांग मला. तेव्हाही आला होता का, नव्हता?"

"आई, तू आधी घरी चल."

"आला होता का?"

आईचे ओठ पांढरे पडले होते. ताईनं तिला पाणी पाजलं, धरून जिना उतरवला, टॅक्सीत घातलं, घरी नेऊन निजवलं. फाईल तिच्या मनातून पुसली गेली होती. आपल्याला शून्य खाटेचा मेसेज आला नाही, हेसुद्धा तिला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सिस्टरांचा फोन वर आला. "सहाची खाट रिकामी आहे गं. मावशी कुठं? फोन उचलत नाही."

ताईनं फोन ठेवलासुद्धा नाही, तो टेबलावरून लोंबकळत राहिला. तीच खाट. तेच बंद पडणारं पाणी. आज चुकली तर मावशीला गुरुवार ते सोमवार धुलाईच नाही. ती दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरली.

मावशीची खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "पहाटे दम लागत होता तिला, पाय सुजलेले. म्हणाली, उद्या धुलाई आहेच, तोवर कापड टाकून येते." ताई गल्लीगल्लीत धावली. दोऱ्याच्या दुकानात नव्हती. बटणांच्या दुकानात नव्हती. बसथांब्याच्या बाकावर होती, गणवेशांचं गाठोडं मांडीवर, तोंड उघडं टाकून श्वास ओढत.

"तू इथं कशी?" मावशी म्हणाली. "माझा नंबर तर उद्या."

"आज आहे. बदललाय."

"मेसेज आला असता तर आले नसते का मी? मला काय हौस आहे इथं बसून मासळीसारखी तडफडायची?"

"तुझं काही चुकलं नाही, मावशी," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मेसेज मी पाठवला नाही."

मावशीनं तिच्याकडं नीट बघितलं. "बरं, बरं. रडतेस काय. गाठोडं धर."

साडेअकराला मावशी खाटेवर पडली. चारला दहा मिनिटं असताना सुया निघाल्या, आणि चारला प्लांट बंद झाला. तोवर ताई तळघरात जाऊन आली होती. तिनं पिन ओढली, वायर गुंडाळली, जुनं खातं बंद केलं. दिवा एकदम विझला नाही, दोन-तीनदा लुकलुकला. मग ती साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. या आठवड्याचं, आणि सहा वर्षांपूर्वीचंही.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, घातलं. "लेखी द्या," एवढंच म्हणाले. "दोन्ही."

आई घरी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ताई चप्पल न काढताच तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"तेव्हा मेसेज आला नव्हता, आई. माझ्याकडून गेलाच नव्हता. तो खरं बोलत होता."

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"मी त्याला बोलत होते तेव्हा?"

"हो."

"तू दारात उभी होतीस."

"हो."

आईनं पिशवीतून कानटोपी काढली, तिच्यावर चिकटलेला एक दोरा बोटांनी उचलला. "मर म्हणाले होते मी त्याला," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. रात्री जेवली नाही. सकाळी चहा केला, एकच कप, स्वतःपुरता.

शनिवारी दोन वाजता फाईल गेली. दोन वाजून सात मिनिटांनी ताई फोल्डरासमोर बसली होती. काही बदललं नाही. सव्वादोनला तिचा फोन थरथरला. उद्या सकाळी आठ वाजता यावे, खाट क्रमांक शून्य. तिला डबा उघडावासा वाटला नाही.

वीस मिनिटांनी आईचा फोन आला.

"आला नाही गं मेसेज," आई म्हणाली.

धाकट्याचाच सूर, त्याचेच शब्द. ताईनं डोळे मिटले.

"नाही आला, आई," ती म्हणाली. "खरं आहे."